खाल्लेलें अंगीं लागतें का?

मधुमेही मनुष्य रोडावला, कीं आपल्या घरांतून त्याचें कौतुकच होतें. 'पथ्य चांगलें मानवलें,' असें येणारेजाणारे म्हणतात. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचें असेंच झालें. वय ५८, मधुमेह दोन वर्षांचा, त्यापूर्वीं अनेकदां पोटांत असह्य कळ येऊन स्वादुपिंडास सूज असल्याचें ठरलेलें. एका वर्षांत त्यांचें वजन ६४ किलोंवरून ५२ वर आलें. साखर वाढूं नये म्हणून त्यांनीं भात सोडला, मग तूप सोडलें, अखेरीस रात्रीचें जेवणही सोडलें. देह मात्र सुकतच चालला.

शौचाविषयीं चारचौघांत बोलणें आपण अप्रशस्त मानतों. पण त्यांच्या पत्नीनें संकोच सोडून डॉक्टरांस सांगितलें, कीं मळ फिकट, तेलकट व अत्यंत दुर्गंधीचा होतो, आणि पाण्यानें सहजीं जात नाहीं. त्यावरूनच रोगाचा पत्ता लागला.

स्वादुपिंड जठराच्या मागें आडवें असतें, आणि त्यास दोन कामें असतात. एक, रक्तांत इन्सुलिन सोडणें. दुसरें, स्निग्धांश, प्रथिनें व पिष्ट पचविणारा रस लहान आंतड्यांत सोडणें. १८८९ सालीं स्ट्रासबर्ग येथें मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्यास मधुमेह झाला. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन मिळविलें. या शोधांनीं पहिल्या कामाची कीर्ति घरोघर झाली. दुसरें मात्र विस्मृतींत राहिलें. स्वादुपिंड दीर्घकाळ सुजून निकामी झालें, तर दोन्ही कामें बिघडतात: साखर वाढते, आणि खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. अशा रोग्यानें केवळ साखरेकडे पाहून ताट रिकामें करीत जाणें, म्हणजे उपाशी माणसास आणखी उपास घडविणें होय.

पन्नाशीनंतर नवा मधुमेह व विनाकारण वजन घटणें हीं दोन्ही एकत्र दिसल्यास स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शंकाही फेडून घ्यावी लागते. ती तपासणी प्रथम झाली. सुदैवानें तसें कांहीं निघालें नाहीं. मळांतील इलास्टेज तपासल्यावर मात्र पाचक रस फारच थोडा असल्याचें दिसलें, व डॉक्टरांनीं पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल लिहून दिल्या.

येथें एक अडचण उभी राहिली. हीं द्रव्यें डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. इन्सुलिनही एके काळीं गाई-डुकरांपासूनच मिळे; जंतूंकडून तयार करविलेल्या मानवी इन्सुलिनास १९८२ सालीं मान्यता मिळाली. या पाचक द्रव्यांस मात्र तसा सर्वमान्य पर्याय अद्याप नाहीं. गृहस्थ जन्माचे शाकाहारी. तीन दिवस बाटली फडताळांत तशीच राहिली. चवथ्या दिवशीं त्यांच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, "औषध तें औषध. तुझा देह राहिला, तर तुझें सोंवळें राहील." ज्यांचा निश्चय निराळा असेल, त्यांनीं तो डॉक्टरांस स्पष्ट सांगावा, गुपचूप औषध टाळूं नये.

प्रौढांस मुख्य जेवणाबरोबर सामान्यतः ४०,००० ते ५०,००० एकक लायपेज, व फराळाबरोबर त्याच्या निम्मे, असा आरंभ करतात. पहिल्या घांसाबरोबर कॅप्सूल घ्यावी. अधिक असल्यास उरलेल्या जेवतांना विभागून घ्याव्या. आंतील कण चावूं नयेत. कढत चहाबरोबर तर घेऊंच नयेत.

तूपही ताटांत परत आलें. पूर्वीं अशा रोग्यांस स्निग्ध पदार्थ वर्ज्य सांगत. हल्लीं कॅप्सूल घेऊन पचेल तितका स्निग्धांश सहसा तोडीत नाहींत, कारण त्याच्या एका ग्रॅमांत ९ कॅलरी असतात, पिष्टाच्या ग्रॅमांत ४. दिवसांतून पांच-सहा वेळां थोडें थोडें, म्हणजे मोजका मऊ भात, मुगाचें वरण, दही, पनीर असा आहार ठरला. कोंडा व कच्च्या कोशिंबिरी पोट लवकर भरतात, म्हणून त्या बेतानें. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें स्निग्धांशाबरोबरच शोषलीं जात असल्यानें त्यांचीही तपासणी झाली. मद्य व तंबाखू यांस मात्र या रोगांत मुळींच थारा नाहीं.

पहिल्या पंधरवड्यांत साखर वाढली, आणि घरांत घबराट झाली. पण औषध बाधलें नव्हतें. अन्न आतां कोठें पचूं लागलें होतें! डॉक्टरांनीं ताट कमी न करतां इन्सुलिन वाढविलें. या रोगांत साखर चढविणारें ग्लुकॅगॉनही उणें पडतें. त्यामुळें साखर एकाएकीं फार उतरूं शकते. म्हणून इन्सुलिन घेऊन जेवण चुकवूं नये. घाम, थरथर वा भ्रम दिसतांच साखर मोजावी. ७० च्या खालीं असल्यास तीन चमचे साखर पाण्यांतून देऊन पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावी. रोगी बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहींही न घालतां तत्काळ वैद्यकीय मदत आणावी.

नऊ महिन्यांनीं त्यांचें वजन ५८ किलो भरलें. पूर्वींचे ६४ अजून झालेले नाहींत, कदाचित् होणारही नाहींत. पण जिना ते आतां न थांबतां चढतात. वाचकहो, आपल्या घरचा मधुमेही प्रयत्नावांचून रोडावूं लागला, तर त्याचें अभिनंदन करण्यापूर्वीं एवढें विचारा, कीं खाल्लेलें अंगीं लागतें ना? आणि उत्तर देतांना त्यास संकोच वाटणार नाहीं, असें विचारा.