सुट्टे नाहीत? टोकन घ्या!

मंडळी, सुट्टे नाहीत म्हणून दुकानदाराने हातावर गोळ्या-चॉकलेट टेकवल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी भारतात घेतला असेल. अमेरिकेतही एकदा अशी वेळ आली होती, आणि ती चांगली दोन वर्षं टिकली!

१८६१ मध्ये इथे यादवी युद्ध सुरू झालं. पुढे काय होणार या धास्तीने लोकांनी आधी सोन्याची, मग चांदीची आणि १८६२ मध्ये चक्क एक सेंटची नाणीसुद्धा घरात दडवली. दुकानात मोड मिळेना. लोक टपालाची तिकिटं देऊ लागले, पण ती खिशात एकमेकांना चिकटायची. जॉन गॉल्ट या गृहस्थाने त्यावर युक्ती काढली. तिकीट पितळेच्या छोट्या डबीत बसवायचं, वर अभ्रकाची पारदर्शक चकती आणि मागच्या बाजूला दुकानाची जाहिरात!

शेवटी दुकानदारांनी सेंटच्या आकाराची तांब्याची टोकन्स पाडून घेतली. १८६४ पर्यंत अशी अंदाजे अडीच कोटी टोकन्स निघाली. काहींवर 'वन सेंट' ठळक आणि त्याच्या वर 'नॉट' अगदी बारीक अक्षरात असे. म्हणजे दिसायला सेंट, पण खोटं नाणं पाडल्याचा आरोप नको! काहींवर सरळ 'आय ओ यू', म्हणजे 'मी तुमचं देणं लागतो', असं लिहिलेलं असे. आतलं तांबं एका सेंटच्याही किमतीचं नव्हतं. बाकीची किंमत होती दुकानदाराच्या शब्दाची.

हा शब्द मोडला तर काय होतं? न्यूयॉर्कच्या गुस्ताव्हस लिंडनम्युलर या बारमालकाने दहा लाखांहून जास्त टोकन्स काढली, असं सांगतात. थर्ड अॅव्हेन्यूवरच्या घोडागाडीच्या ट्राम कंपनीने ती भाडं म्हणून घेतली. ढीग साठल्यावर कंपनी पैसे मागायला गेली, तर साहेबांनी चक्क हात वर केले! कायद्याने काहीच करता येईना. अखेर १८६४ मध्ये सरकारने खासगी टोकन्सवर बंदी घातली आणि दोन सेंटचं नवीन नाणंही आणलं.

आज स्टॉलवर वडापाव घेताना तुमच्या हातात कूपन असेल, देणगी दिलीत तर पावती असेल. कागद म्हणून त्याची किंमत जवळजवळ शून्य. तुम्ही तो विश्वासाने घेता, आणि तुमचा पैसा योग्य ठिकाणी पोचवणं हे आपल्या मंडळाचं देणं आहे. लिंडनम्युलरची गोष्ट आम्हा कार्यकर्त्यांनीच आधी लक्षात ठेवायला हवी!