कातडीखालची ओळखचिठ्ठी

दिवाळीच्या चार दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यात ‘कुत्रा हरवला आहे’ अशी चिठ्ठी चौकातल्या विजेच्या खांबावर चिकटवलेली तुम्ही पाहिली असेल. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात. जवळच सुतळी बॉम्ब फुटला की एरवी शहाणे असलेले जनावरही दार उघडे दिसताच वाट फुटेल तिकडे धावत सुटते. धावताना पट्टा कशाला तरी अडकतो, त्यातून मान निसटते आणि पट्ट्याबरोबर मालकाचा पत्ताही जातो. दुसऱ्या दिवशी तीन-चार किलोमीटरवर कोणीतरी त्या कुत्र्याला पाणी पाजतो, पण ते कोणाचे हे त्याला कसे कळावे?

गळून न पडणारी ओळख म्हणून अनेक देशांत पाळीव जनावरांच्या कातडीखाली एक लहानशी वस्तू बसवतात. तिला सूक्ष्मचिप, किंवा नुसतेच चिप, म्हणतात. ती सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असते, म्हणजे साधारण बासमती तांदळाच्या दाण्याएवढी. बाहेरून शरीराला न बाधणाऱ्या काचेची बंद नळी आणि आत तीन वस्तू : फेराइटच्या कांडीभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक धारित्र आणि सिलिकॉनचा चिमुकला तुकडा. विद्युत्घट मात्र आत कोठेच नसतो, त्यामुळे तो संपण्याचा प्रश्न येत नाही आणि चिप जनावराच्या आयुष्यभर पुरते.

मग ती चालते कशावर? याचे उत्तर मायकेल फॅरडे याने १८३१ साली शोधलेल्या विद्युत्चुंबकीय प्रवर्तनात आहे. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की वेटोळ्यात विद्युत्दाब निर्माण होतो. पशुवैद्याच्या हातातील वाचकयंत्रातही एक मोठे वेटोळे असते. त्यातून दर सेकंदाला १,३४,२०० आवर्तने पुरी करणारा प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. यंत्र जनावराच्या पाठीवरून फिरवले की त्याचे बदलते क्षेत्र कातडीखालच्या वेटोळ्यातून जाते आणि सिलिकॉनच्या तुकड्याला जागे होण्यापुरती वीज मिळते. यंत्र दूर नेले की चिप पुन्हा निपचित. एवढी कमी वारंवारता निवडण्याचे कारण असे की अशा क्षेत्राला कातडी, चरबी किंवा शरीरातले पाणी यांचा फारसा अडथळा होत नाही.

आता खरी गंमत. चिपपाशी स्वतःचे प्रक्षेपणयंत्र नाही, तरी ती उत्तर कसे देते? सायकलचा डायनॅमो आठवा. दिव्याची तार जोडली की पायडल जड लागते, काढली की हलके होते. समजा, मागे बसलेल्या मित्राने ती तार ठरावीक क्रमाने जोडली आणि काढली, तर पुढे न पाहताही चालवणाऱ्याला तो क्रम पायांतून कळेल. चिप नेमके हेच करते. ती आपल्या वेटोळ्यावरचा भार बदलत राहते, आणि तो सूक्ष्म ‘जडपणा’ वाचकयंत्राला स्वतःच्या वेटोळ्यात जाणवतो. भार एका ठराविक तऱ्हेने बदलला तर शून्य, दुसऱ्या तऱ्हेने बदलला तर एक. अशा १२८ द्विमान अंकांचा संदेश सुमारे ०.०३ सेकंदात पुरा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यात पडताळणीचे अंकही असतात, म्हणून चुकून भलताच क्रमांक वाचला गेला तर यंत्र तो नाकारते. (शाळेत जुना डायनॅमो मिळाला तर चाक उचलून धरा आणि हाताने फिरवून सोडा. दिवा जोडलेला असताना व नसताना चाक थांबायला किती वेळ लागतो ते मोजा.)

वेटोळ्याचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. थोडे दूर गेल्यावर अंतर दुप्पट झाले की क्षेत्र जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून हातातल्या यंत्राने चिप वाचायची तर ते अंगापासून काही सेंटिमीटरवरच धरावे लागते. चिप बसवली की कुत्रे कोठे आहे ते मोबाइलवर दिसेल, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. उपग्रहाशी बोलण्याची ताकद या दाण्यात नाही. शिवाय चिपचे वेटोळे क्षेत्ररेषांना आडवे पडले तर त्यात पुरेशी वीजच निर्माण होत नाही. यासाठी यंत्र नागमोडी वाटेने, सावकाश, खांद्यांवर, पाठीवर आणि पुढच्या पायांवरही फिरवतात.

चिपमध्ये मालकाचे नाव नसते, असतो फक्त १५ अंकी क्रमांक. पहिले तीन अंक देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कारखान्याचे. भारताचा देशक्रमांक ३५६ आहे. उरलेल्या बारा अंकांसाठी ३८ द्विमान स्थाने राखलेली असतात. २ चा ३८ वा घात करून पाहा : २७ हजार कोटींहून अधिक निरनिराळे क्रमांक होतात.

चिप बसवणे हे पशुवैद्याचे काम. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत उचलून सुईने ती आत सोडतात. लशीच्या सुईपेक्षा ही सुई जाड असते, पण भूल द्यावी लागत नाही. काही दिवसांत चिपभोवती संयोजी ऊती वाढते आणि ती जागी स्थिरावते. क्वचित ती खांद्याकडे सरकते.

खरा त्रास सुईपेक्षा भीतीचा असतो, आणि तो कमी करणे घरच्या माणसांच्या हातात आहे. अनोळखी टेबलावर चार जणांनी दाबून धरलेले मांजर पुढच्या वेळी टोपली पाहताच पलंगाखाली शिरते. पाव्हलॉव्हने दाखवलेला नियमच येथे उलट्या दिशेने काम करतो. तोच नियम आपल्या बाजूने वापरता येईल. आधीचे दोन आठवडे रोज घरी मानेमागची कातडी हलकेच उचलावी आणि लगेच आवडीचा खाऊ द्यावा. टोपली चार दिवस आधीच उघडी ठेवून तिच्यात जुनी चादर घालावी. पशुवैद्य घरी येत असतील तर उत्तमच. त्यांनी समोरून वाकून न येता बाजूला बसावे व जनावराला हुंगू द्यावे. ओठ वारंवार चाटणे, झोप नसताना जांभई देणे, शेपूट पायांत घालणे, डोळ्यांचे पांढरे दिसणे या कुत्र्याच्या घाबरल्याच्या खुणा आहेत. त्या दिसल्या की थांबावे. गुरगुरल्याबद्दल त्याला कधीही मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे, आणि ती मार खाऊन बंद झाली तर पुढच्या वेळी कुत्रे सूचना न देताच चावेल.

या सगळ्याचा उपयोग किती होतो? अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठातल्या लिंडा लॉर्ड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ५३ प्राणिनिवाऱ्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. तेथे आलेल्या सर्व भटक्या कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकाकडे परतले होते, चिप असलेल्यांपैकी ५२ टक्के. मांजरांतला फरक तर डोळ्यांत भरतो : १.८ टक्के आणि ३८.५ टक्के. अर्थात चिप बसवणारे मालक मुळातच अधिक दक्ष असतील, तेव्हा सारे श्रेय चिपला देता येणार नाही. आणि चिप असूनही जे मालक सापडले नाहीत, त्यांच्या बाबतीतले सर्वांत मोठे कारण विजेचे वा यंत्राचे नव्हते. नोंदवहीतला दूरध्वनी क्रमांक चुकीचा किंवा बंद पडलेला होता.

इंग्लंडमध्ये कुत्र्यांसाठी २०१६ पासून आणि मांजरांसाठी २०२४ पासून चिप सक्तीची आहे. आपल्याकडून कुत्रे घेऊन युरोपीय संघातल्या देशांत जाणाऱ्या कुटुंबांनाही ती लागतेच. तीही रेबीजची लस टोचण्यापूर्वी किंवा त्याच दिवशी बसवलेली हवी, नाहीतर ती लस कोणत्या जनावराला टोचली याचा पुरावा उरत नाही आणि ती पुन्हा टोचावी लागते. चिप बसवून घेताना तो क्रमांक कोणाच्या नोंदवहीत जाणार, आणि घर किंवा फोन बदलल्यावर तो कसा कळवायचा, हे तेव्हाच विचारून घ्यावे. दरवर्षी रेबीजच्या लशीच्या वेळी पशुवैद्याला यंत्र फिरवायला सांगावे. चिप सरकली असेल तर तिची नवी जागा लसपत्रावर लिहून मिळते.