मोटारसायकलची रोषणाई : खर्च अल्प, दक्षता हवी

इंजिनाभोवती किंवा आसनाखाली एलईडी दिव्यांची पट्टी लावून मोटारसायकल सजविण्याची हौस काही शे रुपयांत भागते. मात्र जोडणी चुकल्यास ती महागात पडते.

१२ व्होल्टची पट्टी साधारणतः दर तीन दिव्यांनंतर, खुणेवरच कापता येते. मीटरला ६० लहान दिवे असलेली पट्टी सुमारे ५ वॅट वीज घेते. ३५ वॅटच्या हॅलोजन हेडलाइटच्या तुलनेत हा भार किरकोळ आहे. तथापि, थेट बॅटरीला जोडलेली एक मीटर पट्टी रात्रभर सुरू राहिल्यास ५ अँपिअर-तासांची बॅटरी सकाळपर्यंत जवळपास उतरते. म्हणून जोडणी इग्निशन स्विचनंतरच्या तारेवरून घ्यावी आणि सुरुवातीलाच १ अँपिअरचा फ्यूज बसवावा. तार घासून शॉर्टसर्किट झाल्यास फ्यूज उडतो आणि आगीचा धोका टळतो. पट्टी जलरोधक असावी, तसेच सायलेन्सरपासून दूर ठेवावी.

रंग निवडतानाही भान हवे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार वाहनाच्या पुढील बाजूस लाल प्रकाश दिसता कामा नये; मागील बाजूस इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा असे अपवाद वगळता लालच प्रकाश हवा. अंधारात वाहन येत आहे की जात आहे, हे इतरांना याच रंगांवरून कळते.