रेझिस्टंट आई नाही, जंतू!

“डॉक्टर, आईला ही गोळी रेझिस्टंट झालीय म्हणे. शरीराला सवय लागली असणार.” लघवीचा कल्चर रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या नातेवाइकांकडून हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय. चांगली शिकलेली माणसंही हेच म्हणतात, तेव्हा जीव तळमळतो. घोळ एका विशेषणाचा आहे. रेझिस्टंट म्हणजे दाद न देणारा. पण दाद कोण देत नाही? आई नव्हे. तिच्या लघवीत सापडलेला जंतू!

लॅबमध्ये काय करतात ते पाहा. नमुन्यातले जंतू आधी वाढवतात. मग ते अगारच्या थाळीवर सारखे पसरून वर टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत वेगळं अँटिबायोटिक. थाळी रात्रभर ३५ अंशांच्या उबेत राहते. सकाळी काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल दिसतो, म्हणजे तिथे जंतू वाढूच शकले नाहीत. काहींना मात्र ते अगदी खेटून वाढलेले असतात. गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, ठरलेल्या तक्त्याशी ताडायचा आणि औषधापुढे ‘एस’ किंवा ‘आर’ लिहायचं. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे पडत नाही. या सगळ्यात आईचं शरीर आलं कुठे? थाळीत फक्त जंतू आणि औषध.

हा शब्दांचा कीस नाही. सवय शरीराला लागते असं मानणारा म्हणतो, “मी कधी गोळ्या घेत नाही, मला काय धोका?” धोका आहेच. एमडीआर टीबी, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही प्रमुख औषधांना दाद न देणारा क्षय, ती औषधं कधीच न घेतलेल्या माणसालाही घरातल्याच्या खोकल्यातून होतो. जंतूंनाही सवय लागत नाही. लाखोंमध्ये एखाद्याच्या जनुकात बदल झालेला असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि वाढतो. काही जंतू तर असं जनुक शेजारच्या जंतूला देऊनही टाकतात. अपुऱ्या मात्रेच्या पेनिसिलिनमधला हा धोका अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले.

आर म्हणजे ॲलर्जी? नाही. ॲलर्जी माणसाला असते. एसच्या यादीतलं पहिलं औषध सर्वांत चांगलं? तसंही नाही, वय, मूत्रपिंड, गरोदरपण, संसर्गाची जागा हे सगळं पाहून डॉक्टर निवड करतात. आर आला तर डोस दुप्पट करावा? मुळीच नाही. आणि सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचं कामच नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, रिपोर्ट घेऊन थेट औषधाच्या दुकानात जाऊ नका. डॉक्टरांकडे जा, आणि आधीचा कल्चर रिपोर्ट घरात असेल तर तोही सोबत न्या.