भिंतीवरची मिरची, हातातलं चक्र

गावात शिरताना भिंती काय काय सांगत असतात ते कधी नीट वाचलंय? सिमेंट, बियाणं, पाण्याची मोटार, क्लासेस, आणि मध्येच कुठेतरी कुटुंब नियोजनाचा विटलेला लाल त्रिकोण. आमच्या कडेगावातही तेच. आमच्या बचत गटाच्या मनात आलं, या रांगेत आपणही का नको? कांदा-लसूण चटणी आम्ही करतो, चांगली करतो. पण गावाला कळणार कसं?

गटातल्या एकीचा मुलगा पुण्यात चित्रकला शिकतो. त्याने मोबाइलवर मुंबईच्या भिंतींचे फोटो दाखवले. 2009 साली तुळशी पाइप रोडच्या लांबलचक भिंतीवर महापालिकेनेच लोकांना चित्रं काढायला बोलावलं होतं म्हणे. नुसती अक्षरं नकोत काकू, चित्र बोललं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 चा कायदा आहे, म्हणून परवानग्या लेखी घेतल्या. नगरपंचायतीची घेतली, भिंतीच्या मालकाचीही घेतली. मग पोराने चार दिवस खपून अख्ख्या भिंतीभर एक लालभडक मिरची काढली. शेपूट पार कोपऱ्यापर्यंत. खाली आमचा फोन नंबर.

चित्र सुरेखच झालं. पोरांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. पण दोन महिन्यांत चटणीसाठी फोन आला नाही. आले ते दोनच, आणि दोन्ही विचारत होते, भिंतीवरची उरलेली जागा कितीला देता?

आमच्या सासूबाई हे सगळं ऐकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, त्या भितीम्होरं बाईमाणूस हुबं तरी ऱ्हातंय का?"

मला तर कानाखाली बसल्यासारखं झालं. खरंच की! पारावर बसतात पुरुष, टेम्पो लावून चहा पितात पुरुष. बाईच्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात पोराचा हात आणि नजर रस्त्यावर. चटणी कुठली घ्यायची हे ठरवणारी घरात, आणि आमची जाहिरात रस्त्यावर.

भिंतीपुढे माणूस थांबतच नाही असं मात्र नाही. टाळेबंदीच्या काळात सोलापूरच्या नीलमनगरात एका शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले होते, ज्या मुलांकडे मोबाइल नव्हता त्यांच्यासाठी. ती मुलं भिंतीपुढे वही घेऊन उभी राहत. कारण तिथे त्यांना काही करायचं होतं. आमच्या मिरचीपुढे करण्यासारखं काय होतं? बघायचं आणि पुढे जायचं.

मग ठरलं, भिंत घरात न्यायची. कागदावर. आणि कागद असा की हातात घेतल्यावर त्याच्याशी काही करावं लागेल.

हा धडा आपल्या शेजारीच, पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत, शंभर वर्षांपूर्वी गिरवला गेलाय. लोखंडी नांगराने जमीन नासते असं त्या वेळी शेतकरी म्हणायचे. नांगर खपता खपत नव्हते. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची बातमी सांगणारं 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. शंकरराव स्वतः चित्रकार. त्या कारखान्याच्या कागदाचं पुढे चांगलं जाणतं मासिक झालं, आणि त्याच घरातून 1930 साली 'स्त्री' निघालं. म्हणजे आपल्या आज्या जे 'स्त्री' उशाशी ठेवून वाचायच्या ते नांगराच्या खानदानातलं! बायका त्यात नुसत्या वाचत नव्हत्या, लिहीतही होत्या. हा निम्मा मुद्दा मी तेव्हा विसरले होते.

आम्ही केलं ते चक्र. जाड कागदाच्या दोन चकत्या, मधोमध टिचबटण. वरच्या चकतीला चार खिडक्या. खालची चकती फिरवून मिरची 1 किलोवर आणली की खिडक्यांत दिसतं: कांदा 1 किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, लसूण पाव किलो, धने पाव किलो. मिरची 3 किलो केली की सगळं आपोआप तिप्पट. उन्हाळ्यात डंकावर जायच्या आधी बोटांवर हिशेब करत बसणाऱ्या प्रत्येकीला हे लागतंच. मागे भिंतीवरचीच मिरची, तीच शेपूट. भिंतीवर मोजकेच रंग होते म्हणून छपाईतही दोनच घेतले, लाल आणि काळा. चार रंगांपेक्षा स्वस्त पडलं. खिडक्या छापखान्याकडून कापून घ्यायच्या तर वेगळा साचा करावा लागतो, तो परवडेना. म्हणून 500 चकत्यांच्या खिडक्या आम्हीच ब्लेडने कापल्या. टिचबटणं शिंप्याने बसवून दिली.

कुणीतरी सुचवलं, कडेगाव मोहरमच्या उंच ताबुतांसाठी सगळीकडे ठाऊक आहे, चक्रावर ताबुताचं चित्र टाका. मी नको म्हटलं. हिंदू-मुसलमान मिळून ते उचलतात, ती श्रद्धेची गोष्ट. चटणी विकायला कशाला? बांबू आणि रंगीत कागदातून केवढं उभं राहतं, एवढं त्यातून शिकलं तरी पुष्कळ.

मोबाइलने वाचायचा चौकोनी क्यूआर कोडही घातला. परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असेच कोड जोडले आणि 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला, तेव्हा आपल्याला काय अवघड? अवघड गेलं! कोडच्या चारही बाजूंनी कोरी पांढरी पट्टी सोडावी लागते, आणि आमच्या मिरचीच्या शेपटीने नेमकी तीच पट्टी खाल्ली होती. काही फोनवर चालायचा, काहींवर नाही. चूक आमचीच. हातात आल्या आल्या पहिली चकती तपासली असती तर 500 वर पांढरे कागद चिकटवत बसावं लागलं नसतं.

खरं भांडण वेगळ्याच गोष्टीवर झालं. गटातली एक म्हणाली, "परमाण वाटून टाकलं तर चटणी इकत कोण घील?" दोन बैठका यातच गेल्या. तिचं चुकीचं नव्हतं, तिने गटात घातलेले पैसे कष्टाचे. शेवटी असं ठरलं की चक्राबरोबर एक कोरी चिठ्ठी द्यायची: तुमच्या घरचं प्रमाण लिहा, त्याच प्रमाणाची चटणी आम्ही करून देऊ. मिरची ब्याडगी की संकेश्वरी, तीळ किती, खसखस घालता की नाही. आपल्याकडे चटणी घरागणिक बदलते, सासरची वेगळी, माहेरची वेगळी. पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकीला दुकानातली नको असते, तिला तिच्या आईच्या हाताची हवी असते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण म्हणून चक्रच लुटलं. अंगणात, घोळक्यात बसून बायका चक्र फिरवत होत्या. "आमच्यात लसूण ह्याच्या दुप्पट!" म्हणून एकमेकींशी वाद घालत होत्या. भिंतीपुढे दोन महिन्यांत जे घडलं नाही ते तासाभरात घडलं.

मार्च उजाडेपर्यंत 43 चिठ्ठ्या परत आल्या. पोरांच्या दप्तरातून, दूधवाल्याच्या हातून. एकीने मापाऐवजी "ओंजळभर" लिहिलं होतं. तिची ओंजळ मोजायला आम्ही तिच्या घरी गेलो, 90 ग्रॅम धने भरले. जिने बैठकीत विरोध केला होता तीच आता चिठ्ठ्या सांभाळते, तारखेनुसार, दोऱ्यात ओवून.

त्यातल्या एका चिठ्ठीवर प्रमाण नव्हतंच. लिहिलं होतं, "ज्या भिंतीवर तुम्ही मिरची काढली ती भिंत दर दिवाळीला मी रंगवते. मला कुणी विचारलं?"

लेखी परवानगी आम्ही घेतली होती, पण मालकाची. मालकीणबाई घरात होत्या, आणि चहाही त्यांनीच दिला होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी गेलो. त्या रागावल्या नाहीत, हसल्या. म्हणाल्या, मिरची राहू दे, बरी दिसते. फक्त शेपटीच्या कोपऱ्यातली जागा मोकळी करून द्या, मला पोरीचं शिवणकाम लिहायचंय. पोराला पुण्याहून बोलावलं. त्याने शेपूट हातभर कमी केली.