देवदार आणि गंगेतील डॉल्फिन

वलगावच्या पेढी नदीकाठी देवदार उगवत नाही, पात्रात डॉल्फिनही नाही. तरीही गंगेशी निगडित असलेल्या या दोहोंची तुलना येथील शिक्षक व पंचायत सदस्यांना उद्बोधक ठरावी. देवदार हा हिमालयातील सूचिपर्णी वृक्ष. एकोणिसाव्या शतकात भागीरथीच्या खोऱ्यातील देवदार रेल्वेच्या स्लीपरांसाठी तोडले गेले; ओंडके नदीतूनच खाली आणले जात. अशा जागी रोपे पुन्हा लावता येतात. डॉल्फिनचे तसे नाही. हा सस्तन प्राणी जवळजवळ अंध. प्रतिध्वनीवरून मासे शोधतो, श्वासासाठी पृष्ठभागावर येतो. मादी एका वेळी बहुधा एकच पिलू देते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्याने त्यांच्या वस्त्या दुभंगल्या. २००९ मध्ये राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. खोल, वाहत्या पाण्याची गरज मात्र कायम आहे. वृक्षारोपणाचा आराखडा ठरविताना पंचायतीने पेढीच्या उन्हाळी पाण्याची नोंदही त्याच बैठकीत घ्यावी.