घरीच धुऊ या रोल!

मुलांनो, "रोल धुवायला टाकला" म्हणजे काय, हे तुमच्या आई-बाबांना विचारा बरं. ते लगेच हसतील. पूर्वी लग्न झालं, गॅदरिंग झालं की कॅमेऱ्यातला रोल काढून फोटो स्टुडिओत द्यायचा आणि फोटोंची वाट बघत बसायचं. कुणाचे डोळे मिटले, कुणाचं डोकं कापलं गेलं, ते तोवर कळायचंच नाही! असा एखादा कॅमेरा तुमच्याही कपाटावर पडलेला असेल. काळ्या-पांढऱ्या फिल्मचे रोल आजही बनतात, मागवता येतात. आणि ते धुवायला स्टुडिओच हवा, असं मुळीच नाही.

दादासाहेब फाळके यांचंच बघा ना. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनी मागवला. मुंबईत दादरच्या घरी त्यांनी एक गंमत केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो वाढताना रोज त्याची थोडी थोडी फिल्म घेतली. पडद्यावर तो वाटाणा बघता बघता उगवून वर आला! त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला आणि फिल्म धुण्याची रसायनं कालवायला शिकल्या. स्वयंपाकपाणी सांभाळून, बरं का. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आता फिल्ममध्ये असतं काय ते पाहू. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. उजेड पडला की त्या कणांवर खूण उमटते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर नावाचं रसायन खूण उमटलेल्या कणांची काळी चांदी करतं. मग हायपो, म्हणजे फिक्सर, उरलेले कण विरघळवून टाकतो. ते कण फिल्मवर राहिले तर उजेडात हळूहळू काळे पडतात आणि चित्र जातं.

सगळ्यात अवघड काम पहिलंच. रोल उघडून प्लास्टिकच्या चकरीवर चढवायचा आणि चकरी डब्यात बंद करायची, तीही मिट्ट काळोखात. लाल दिवा चालेल का? नाही! दादासाहेबांच्या काळच्या फिल्मला लाल उजेड कळत नसे. आजच्या बहुतेक फिल्मला तो कळतो. सिनेमातल्या फोटोग्राफरच्या खोलीत लाल दिवा असतो, तो कागदावर फोटो छापताना. तेव्हा रात्रीची, बिनखिडकीची खोली बघा आणि दाराच्या फटीला गोधडी लावा. त्याआधी एखादी वाया गेलेली फिल्म घेऊन उजेडात सराव करा, मग डोळे मिटून करा. दहा वेळा जमलं तरच खरा रोल हातात घ्या. कारण समजा, त्यात आजीचा फोटो आहे. मोबाइलवर बिघडला तर पुन्हा काढता येतो. इथे तसं नाही. काळोखात फिल्म अडकली म्हणून क्षणभर दिवा लावलात, तर छत्तीसच्या छत्तीस चित्रं गेली!

डब्याचं झाकण लागलं की दिवा लावा. पुढचं सगळं उजेडात होतं. मात्र मोठं माणूस सोबत हवंच आणि हातात रबरी मोजे हवेत. स्वयंपाकाचं एकही भांडं घेऊ नका. रसायन थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नका, धाकटं भावंडं पाणी समजून तोंडाला लावेल.

आता आमच्या मुकुटबनकडची अडचण ऐका. डेव्हलपरच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, पाणी २० अंश सेल्सियस. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३च्या वर! इतक्या गरम पाण्यात जिलेटिन फुगतं, कधी सुरकुततं. म्हणून माठातलं पाणी घ्या, परातीत बर्फ घालून बाटल्या त्यात उभ्या करा आणि थर्मामीटर बघत राहा. २४ अंशांवर थांबावं लागलं तरी चालेल, वेळ साधारण पाऊणपट करायची. म्हणजे २० अंशांना ८ मिनिटं असतील तर ६. नक्की वेळ फिल्मच्या कागदावर असतेच. माझ्या मते हे काम डिसेंबरातच करावं!

डेव्हलपर ओतला की डबा टेबलावर हलकेच आपटा, आत अडकलेले बुडबुडे निघून जातात. मग दर मिनिटाला चार वेळा डबा उलटा-सुलटा करा. वेळ संपली की तो ओतून टाका, साध्या पाण्याने खळबळा आणि फिक्सर घाला. तो किती मिनिटं ठेवायचा, ते बाटलीवर दिलेलं असतं. वापरलेला फिक्सर मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. त्यात चांदी विरघळलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. वेगळ्या डब्यात, नाव लिहून साठवा.

मग धुणं. पूर्वी अर्धा तास नळ सोडून ठेवत. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाला हे कसं परवडेल? त्यावर इल्फर्ड कंपनीने छान युक्ती सांगितली आहे. डबा पाण्याने भरा, पाच वेळा उलटा-सुलटा करा, पाणी टाका. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं! तीन डबे पाण्यात फिल्म स्वच्छ. फक्त फिक्सर फिल्म कडक करणारा नको, एवढं बाटलीवर बघून घ्या.

अजून एक. आमच्या भागात जमिनीखाली चुनखडी आहे, त्यामुळे बोअरचं पाणी जड. भांड्यावर पांढरे डाग पडतात तसेच फिल्मवरही पडतात, आणि नेमका आजीच्या गालावर डाग! शेवटचं खळबळणं बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात करा. नवी, सीलबंद बाटली घ्या आणि ती पाण्याचीच आहे ना, हे मोठ्यांना वाचायला सांगा. बॅटरीचं आम्ल वेगळं असतं.

आता फिल्म न्हाणीघरात दोरीवर टांगा. खालच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावा, म्हणजे ती वळणार नाही. पंखा नको, धूळ चिकटते. दोन-तीन तासांनी ती उजेडासमोर धरा. सगळं उलटं दिसेल. आभाळ काळं, सावली पांढरी आणि आजीचे पिकलेले केस काळेभोर! सुलटं बघायचं तर मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर फिल्म धरा, दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा आणि त्यातले रंग उलटे करा. मग आजीला हाक मारा.